खतावणी: अमळनेर ते नाशिक, पाच माणसं आणि एक कोठी

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. जूनमध्ये नाशिक.

हे दिवाळीपासून अंबडच्या एमआयडीसीत आहेत. खोलीत शिरपूर-दोंडाईचाकडचे आणखी तिघं. पंधरा दिवसांनी शनिवारी रात्री येतात, रविवारी दुपारी जेवण झालं की पिशवी भरायला लागतात. धाकटी परवा म्हणाली, "पप्पा पाहुण्यासारखे येतात." त्या वाक्यावर निर्णय झाला. पगाराच्या हिशेबावर झाला असता तर अजून सहा महिने घोळत बसलो असतो.

पतसंस्थेतून एक कोरी खतावणी आणली. रकाने पाडले: काम, कोणी, कधीपर्यंत, झालं का. दहा वर्षं लोकांचे हप्ते लिहिले, आता घराचे लिहू.

पहिली ओळ तारखेची. यंदा शाळांच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्यात, नवीन शाळा जूनच्या मध्याला उघडेल. म्हणजे हातात मे महिना. त्यात लग्नं आणि ऊन, आणि तोंडावरच आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, जेवताना सांगितलं. "माले तठे काय करनं शे?" एवढंच म्हणाल्या आणि ताटातली मिरची बाजूला काढली. रकान्यात लिहिलं: आई – बोलणं बाकी.

२ मार्च

घरोघरी बातमी गेली. प्रत्येक जण विचारतो, यांना पगार किती, कंपनी पर्मनंट का. माझी दहा वर्षांची नोकरी सुटते आहे हे एकाही बाईच्या तोंडून आलं नाही, माझ्या सख्ख्या बहिणीच्याही नाही. असो. राजीनामा ३० एप्रिलचा द्यायचा, म्हणजे मार्चअखेरचं काम माझ्या हातूनच पुरं होईल. ते दुसऱ्यावर टाकून गेले तर झोप लागणार नाही.

१६ मार्च, रविवार

धुळवड झाल्यावर दोन दिवस नाशिकला जाऊन आले, घरं बघायला. अमळनेर–धुळे, धुळ्याहून मालेगाव, चांदवड करत नाशिक. सकाळी सहाला निघाले, बारा वाजून गेले. रेल्वे आपल्याकडे सुरत–भुसावळ मार्गाची. नाशिकला जायचं तर जळगावला उतरून दुसरी गाडी धरा. एसटीच बरी, आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.

सात घरं पाहिली. सिडकोत, पाथर्डी फाट्याला, सातपूरच्या बाजूला. सिडकोत दोन गल्ल्या चालले तर चार ठिकाणी कानावर आपल्या अहिराणीतलं "काय करी ऱ्हायना?" आलं. एका किराणा दुकानात कळण्याच्या, आपल्या खानदेशी भाकरीच्या, पिठाची पुडी टांगलेली. दुकानदार पारोळ्याकडचा निघाला. जीव थोडा खाली बसला. आपण काही परदेशात चाललो नाही.

दोन घरमालकांनी भाडं सांगताना २०२७ च्या कुंभमेळ्याचं नाव घेतलं. कुंभ दोन वर्षांनी, भाडं आजपासून! आवडलं ते घर पाथर्डी फाट्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. भाडं ११,०००, डिपॉझिट ३३,०००. नळ रोज येतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. गच्ची सगळ्यांची, पण कुलूप पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. ही गोष्ट लिहून ठेवली, कारण वाळवण.

२३ मार्च

करारनामा. एजंट म्हणाला, "ताई, साधा नोटरी करून टाकू, स्वस्तात होतं." नको म्हटलं. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. शाळेपासून गॅसपर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद चालणार, तिथे काटकसर नको.

मग तो नोंदणीचे साडेतीन हजार मागायला लागला. कागद पुढे ओढला आणि मांडलं. अकरा महिन्यांचं भाडं १,२१,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरायचं, ते अकरा महिन्यांचं साधारण तीन हजार. बेरजेच्या पाव टक्का स्टँप, म्हणजे तीनशे-चारशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर ऑनलाइनचा किरकोळ खर्च. "बाकीचे कशाचे?" घरी येऊन अंगठे घ्यायचे म्हणे. अडीच हजारांत मिटलं. हे शेजारी बसून माझ्याकडे बघत होते. पतसंस्थेतलं माझं हे रूप त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं.

मालकाला भाडं एप्रिलपासून हवं होतं, आम्हाला जूनपासून. १५ मेवर तडजोड. पंधरा दिवसांचं भाडं रिकाम्या घराचं जाईल, पण त्या दिवसांत हे खोली सोडून तिथे राहतील, पंखे-नळ बघून घेतील.

६ एप्रिल, रामनवमी

वाळवणाचा दिवस. दरवर्षी हे काम एप्रिलभर रमतगमत चालतं, यंदा दोन रविवारांत आटपायचं ठरवलं. नाशिकच्या त्या कुलूपबंद गच्चीवर मी कुरडया घालणार नाही आणि तिथलं ऊनही आपल्या उन्हासारखं नाही. आपल्याकडे सकाळी आठला घातलेली कुरडई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्यात जाते.

गहू तीन दिवस भिजवून चीक काढलेला. पहाटे चारला चूल पेटवली. आई चीक हाटत होत्या, मी सोऱ्या धरला, शेजारच्या दोघी आल्या. बिबडे ज्वारीचे, त्यात तीळ आणि लसूण. ते कापडावर थापताना आईंचा हात अजून माझ्यापेक्षा चपळ आहे. ओला बिबडा खायला पोरं ताटल्या घेऊन ओळीने बसली. मोठ्याने सहा खाल्ले.

पापड राहिले. आई म्हणाल्या, "एवढं कोण खाणार?" म्हटलं, यांच्या कंपनीतले तिघंही खातील. "मग आणखी दोन किलोचं करू." नाशिकच्या नावाने त्यांनी केलेलं हे पहिलं काम. रकान्यात काही लिहिलं नाही.

१३ एप्रिल

धान्य आलं. गहू तीन क्विंटल, दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, दीड. नाशिकला बाजरी-ज्वारी मिळते, पण दादरची भाकरी वेगळी, आणि आईंना दुसरी चालत नाही. गव्हाला एरंडेल चोळून झालं.

आता कोठी. पत्र्याची, सासऱ्यांनी धुळ्याहून आणलेली, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. टेपने मोजली: रुंदी ३२ इंच, उंची पाच फुटांना थोडी कमी. यांना फोन करून तिकडचे दरवाजे मोजायला लावले. बाहेरचा ३६ इंच. आतला स्वयंपाकघराचा ३० इंच. जिना तीन फुटांचा, पण मधल्या वळणावर कठडा.

म्हणजे हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. नाहीतर इथेच.

मी म्हटलं, दोन लहान कोठ्या घेऊ, ही विकू. आईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोठीच्या झाकणावरून पदराने धूळ पुसली आणि आत गेल्या. संध्याकाळी मोठ्याने मला कानात सांगितलं, "मम्मी, आजीला वाटतंय कोठी गेली म्हणजे हे घर गेलं." तेराव्या वर्षी त्याला जे कळलं ते मला टेप लावून कळलं नाही.

कोठी इथेच राहील. खतावणीत लाल शाईने.

२६ एप्रिल

शाळेचे दाखले. मोठा आठवीत जाणार, धाकटी चौथीत. मोठ्याचा दाखला स्वच्छ. धाकटीच्या दाखल्यावर आईच्या नावात चूक: माझ्या नावातलं एक अक्षर गेलं आहे, आधारवर बरोबर आहे. लेखनिक म्हणाले, "तिकडच्या शाळेत दुरुस्त करून घ्या." हे ऐकायचं नाही, सगळ्या आयांनी लिहून ठेवा. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली चूक दुरुस्त करणं म्हणजे अर्जांचा डोंगर. मूल पटावर आहे तोवर कागद दाखवून करून घ्यायचं. जन्मदाखला आणि आधार जोडून मुख्याध्यापकांना अर्ज दिला.

चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला डबा घेऊनच गेले, व्हरांड्यात बसून खाल्ला. चौथीला झालं.

कागद हातात असला तरी काम तेवढ्याने होत नाही. नवी शाळा शिक्षण खात्याच्या सरल पोर्टलवरून मागणी टाकते, जुनी शाळा ती मान्य करते, तेव्हा पोराचं नाव इकडच्या पटावरून तिकडे जातं. दाखल्याला उशीर झाला तरी आठवीपर्यंत प्रवेश अडवून ठेवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात ते आहे. पण कायद्याचं नाव घेऊन शाळेत पाऊल टाकण्यापेक्षा कागद घेऊन टाकावं.

३० एप्रिल, आखाजी

पतसंस्थेतला शेवटचा दिवस काल झाला, आज सुट्टीच आहे. नणंद आली, तिच्या पोरी आल्या. अंगणातल्या निंबाला झोका. खापरावरची पुरणपोळी: आई हातावर मांडा फिरवत होत्या, कोपरापर्यंत गेला तरी फाटला नाही. सोबत आमरस. आठ जणांत एकोणीस पोळ्या.

खापर न्यायचं का? गॅसवर खापर बसत नाही, त्याला चूलच लागते. नणंद म्हणाली, "नेऊन ठेव, निदान शोभेला." शोभेला खापर ठेवणाऱ्यांतली मी नाही. ते इथेच, कोठीशेजारी.

रात्री झोक्यावर आई आणि नणंद बोलत बसल्या. मी भांडी घासत होते, कान तिकडे. आईंचं वाक्य ऐकलं: "कानबाई व्हई जाऊ द्या, मंग दखसूत." म्हणजे नाही म्हटलं नाही! कानबाई, आपल्या खानदेशातल्या देवीचा उत्सव, नागपंचमीनंतरच्या रविवारी, यंदा ३ ऑगस्ट. खतावणीत 'आई' या ओळीपुढे तारीख घातली. पहिल्यांदाच.

८ मे

अवकाळी. वाऱ्याने शेजारच्यांचे पत्रे उडाले, तापीकाठच्या केळीची पार वाट लागली म्हणतात. आपलं वाळवण डब्यात आहे म्हणून देवाला हात जोडले.

मागच्या दोन खोल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या. दरवर्षी मेअखेर वर खारी माती टाकतो, यंदा आधीच गळायला लागलं. चुलत दिरांना निरोप दिला. भाऊजी दोन गडी आणि ट्रॉलीभर माती घेऊन आले. माती पसरवून, चोपून, उतार धरून दिवसभर काम. भाऊजींचा पोरगा बारावीला आहे, तो पुढच्या खोलीत अभ्यासाला राहील, दिवाबत्ती होईल. पुढच्या वर्षीची माती कोण टाकेल, हे त्यांनीच न विचारता सांगितलं: "ते मी बघतो, वहिनी." मी ट्रॉलीचे पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत. मग पोराच्या हातात वह्यांसाठी दिले.

१९ मे

गॅस. शहर बदलतं तेव्हा सिलिंडर आणि रेग्युलेटर इथे जमा करायचा, शेगडी आपली आपल्यासोबत. ते एक व्हाउचर देतात, ते नाशिकच्या एजन्सीत दाखवायचं. डिपॉझिट परत मिळतं, पण जुन्या कागदावर लिहिलेलं तेवढंच. नवीन ठिकाणी आजच्या दराने, सिलिंडरचे २,२०० आणि रेग्युलेटरचे २५०. तो जुना कागद दोन दिवस सापडत नव्हता. शेवटी यांच्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या पिशवीत निघाला. गणितात पस्तीस! सोळा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग लक्षात आलं, आई ऑगस्टपर्यंत इथेच आहेत, त्यांना स्वयंपाक लागणार. सिलिंडर जमा करायचं काम पुढे ढकललं. नाशिकला तोवर यांच्या खोलीतला छोटा सिलिंडर. रेशनचं धान्य आता कुठल्याही दुकानात अंगठा लावून मिळतं, त्याची घाई नाही. आईंच्या फॅमिली पेन्शनचं खातं हलवायचं नाही. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला फोनवरून देता येतो. मोटारसायकल एमएच १९ चीच राहील, राज्य एकच आहे. आरसीवरचा पत्ता तेवढा महिनाभरात बदलायचा.

१ जून, रविवार

गाडी. पहिला भाव बारा हजार, चौदा फुटी आयशर. भाऊजींनी ओळखीतून रिटर्न गाडी काढली, धुळ्याला माल उतरवून नाशिकला रिकामी जाणारी, साडेआठ हजार. अट एकच: वेळ त्याची. त्याची वेळ म्हणजे शनिवारी रात्री अकरा. ऊन नव्हतं हे बरं, पण गल्लीतला दिवा नेमका बंद. मोबाइलच्या उजेडात कपाट उतरवलं.

मी खोक्यांवर आकडे टाकले होते आणि यादी वहीत. १ ते ३१. हमालांनी २२ नंबर, म्हणजे देव, खाली ठेवून त्यावर मिक्सर ठेवला. आईंनी काही न बोलता तो उचलला, देव बाहेर काढून मांडीवर घेतले. "मी आणसू," म्हणाल्या. म्हणजे त्या येतील तेव्हा देव येतील. तोवर नाशिकच्या घरात देव्हारा रिकामा.

गाडी गेल्यावर घरात आवाज घुमायला लागला. कोठी, खापर, आईंची खाट, एक शेगडी, दोन पातेली.

सकाळच्या एसटीने आम्ही तिघं. मी अर्धी, मुलगी अर्धी, मुलगा पूर्ण.

५ जून

३१ पैकी ३० खोकी सापडली. १७ नंबर नाही. यादीत १७ म्हणजे "किरकोळ". वहीत किरकोळ लिहिणारीला शिक्षा ही की ती आता विळी शोधते आहे.

जिन्याच्या वळणावर कपाटाचा कोपरा कठड्याला घासला. कोठी आणली असती तर काय झालं असतं ते तिथेच कळलं.

१६ जून

शाळा उघडली. सेमी इंग्रजी, दोघंही. धाकटी हसत आली. मोठा गप्प. रात्री जेवताना सांगितलं: सरांनी विचारलं पुस्तक कुठे आहे, हा म्हणाला, "घर शे." वर्ग हसला. हे म्हणाले, तू पण हसायचं. मला ते पटलं नाही. मी म्हटलं, मधल्या सुट्टीत बघ, हसणाऱ्यांत तीन तरी घरी तसंच बोलत असतील. आठवड्याने त्याने आकडा सांगितला: पाच. एक तर आपल्या चोपड्याचा.

६ जुलै, आषाढी

आईंचा फोन रोज सकाळी साताला. आज विषय: धाबं गळलं नाही, भाऊजींचा पोरगा रात्री फार उशिरा दिवा मालवतो, दादर संपत आली असेल तर कोणासोबत तरी पाठवते. पाठवली पण. यांच्या खोलीतला शिरपूरचा मुलगा अमळनेरवरून गेला, तर दहा किलो पिशवी त्याच्या खांद्यावर. आता हीच पद्धत पडली आहे: कोठी तिकडे, दर फेरीला दहा किलो इकडे.

मी कामाचं विचारत होते, तर इथल्या एका पतसंस्थेत अर्धवेळ जागा आहे. पगार पूर्वीच्या निम्मा. अर्ज टाकला.

५ ऑगस्ट

शनिवारी रात्री चौघं अमळनेरला पोहोचलो. यांना सोमवारची रजा एकच मिळाली. रविवारी कानबाई बसली, आमच्या भाऊबंदांची यंदा मोठ्या घरी. रोटांचा, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचा, गहू पुरुषमाणसांच्या नावाने मुठी मोजून दळलेला. मोठ्याची मूठ घालताना आई म्हणाल्या, हा कुठेही राहिला तरी मूठ इथेच पडणार. रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी बोरीवर विसर्जन, गर्दीत धाकटीची एक चप्पल गेली.

नदीवरून येताना आमच्यात पाटावर वाळू आणतात आणि घरात सगळ्या खोल्यांत टाकतात. आईंनी टाकली. उरलेली एका जुन्या रुमालात बांधली आणि देवांच्या पिशवीत ठेवली. मी पाहिलं, विचारलं नाही. रोटांचा डबाही पिशवीत गेला, पुनवेच्या आत संपवायचे म्हणून.

दुपारी सिलिंडर, रेग्युलेटर जमा. व्हाउचर खतावणीत चिकटवलं. कोठीच्या झाकणाला आईंनी स्वतः सुतळी बांधली, किल्ली भाऊजींकडे. एसटीत आई खिडकीशी, मांडीवर देव. आम्ही दोघी अर्ध्या तिकिटाच्या, म्हणजे दोघींत मिळून एक. मालेगावला चहा घेतला. चांदवडचा घाट येईपर्यंत बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आठे हवा गार शे."

आज सकाळी पाथर्डी फाट्याच्या घरात वाळू पडली. हॉल, दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, चिमूट चिमूट. फरशी गुळगुळीत, पायाखाली करकर वाजते. कामाला येणाऱ्या मावशींना म्हटलं, आज झाडू नका.

गॅसचं नवीन कार्ड शुक्रवारी. १७ नंबरचं खोकं आईंना तिकडे खाटेखाली सापडलं होतं, विळी आली.